कै. थायमस

निधनाची नक्की तारीख सांगता येत नाही. वर्तमानपत्रातल्या चार ओळींच्या निधनवार्तेला लागतो तेवढाही तपशील हाताशी नाही. दिवस नाही, वेळ नाही, 'अल्पशा आजाराने' म्हणावं तर आजारही नाही. उतरण लागली ती जन्मानंतर वर्षभराच्या आतबाहेरच. वयात येताना वजन ३० ते ४० ग्रॅम भरत होतं, त्यामुळे वरवर सगळं उत्तम दिसत होतं. पण आतला कामाचा भाग तेव्हाही आकसतच होता. साठीच्या माणसाचं शवविच्छेदन करताना छातीच्या मधल्या हाडामागे, हृदयाच्या वरच्या अंगाला शोधलं तर हाती लागते ती बहुतांशी पिवळी चरबी. ज्याच्या छातीत हे घडलं त्याला पत्ताच नसतो, मग रडणार कोण? थायमस ग्रंथी, जुन्या मराठी शास्त्रीय पुस्तकांतली यौवनलोपी ग्रंथी, अशी कुणाला न कळवता गेली. तुमचीही आणि माझीही.

इतक्या उशिरा तिच्यावर लिहावंसं वाटलं ते कॅन्सरमुळे. पॅथॉलॉजिस्ट म्हणून नोकरीची सगळी वर्षं मी कॅन्सरच्या पेशी पाहण्यात घालवली. वय वाढतं तसा कॅन्सर वाढतो, हे सांगायला पॅथॉलॉजिस्ट लागत नाही. त्याचं कारण मात्र आम्ही बिघडलेल्या पेशीतच शोधत राहिलो. १९५४ साली आर्मिटेज आणि डॉल या दोन ब्रिटिश संशोधकांनी दाखवून दिलं की कॅन्सरने होणारे मृत्यू वयाच्या साधारण सहाव्या घाताने वाढतात, आणि त्यावरून कॅन्सर व्हायला सहा-सात टप्प्यांचे बिघाड साठावे लागत असावेत असा हिशोब मांडला. बिघाड साठायला वेळ लागतो, म्हणून कॅन्सर म्हातारपणी. हा हिशोब खोटा ठरलेला नाही. पण त्यात एक पात्रच नव्हतं. बिघडलेल्या पेशी प्रत्येकाच्या शरीरात रोज होतात. त्या वेळीच हेरून मारणारं कोणी असेल, तर तेही आपल्याबरोबर म्हातारं होतंच ना?

थायमसचं काम समजावून सांगायला मला सरकारी नोकरभरतीइतकी चपखल तुलना दुसरी सापडलेली नाही. अस्थिमज्जेत जन्मलेले कच्चे उमेदवार रक्तातून या ग्रंथीत येतात. इथे प्रत्येक पेशी जनुकांचे तुकडे कापून, उलटसुलट जोडून स्वतःचा एक ग्राहक, म्हणजे रिसेप्टर तयार करते. कोणता तुकडा कुठे जोडला जाईल हे नशिबावर असतं, आणि तेच महत्त्वाचं आहे. कुठला विषाणू किंवा कुठली गाठ पुढे समोर येणार हे आधी माहीत नसल्यामुळे शरीर लक्षावधी वेगवेगळे ग्राहक बनवून ठेवतं. मग परीक्षा सुरू होते. पहिल्या फेरीत बघतात, शरीराचं ओळखपत्र या उमेदवाराला वाचता येतं की नाही. येत नसेल तर पेशी तिथेच मरते. दुसऱ्या फेरीत बघतात, घरच्याच माणसावर ती धावून जाते का. जात असेल तरीही मरण. ही दुसरी फेरी घेण्यासाठी थायमसच्या काही पेशी विलक्षण नाटक करतात. स्वतः छातीत बसून स्वादुपिंडाचं इन्सुलिन आणि इतर अवयवांची खास प्रथिनं थोडी थोडी बनवून उमेदवारांपुढे धरतात. हे करवून घेणाऱ्या 'एअर' नावाच्या जनुकाची ही कामगिरी २००२ मध्ये उलगडली. शंभरातले दोन-चार उमेदवार पास होऊन बाहेर पडतात, त्यांना टी-पेशी म्हणायचं. बाकीच्यांचा अंत्यविधी ग्रंथीतच उरकला जातो. इतकी कडक परीक्षा घेणारं खातं आपल्या देशात तरी मी पाहिलेलं नाही.

लहान मुलाचा थायमस काचपट्टीवर रंगवून पाहिला की वर्दळ दिसते. कडेचा पट्टा लसिका पेशींनी इतका गच्च भरलेला असतो की निळाजांभळा रंग जवळजवळ काळा वाटतो. मधला भाग फिकट, आणि त्यात इथे-तिथे एकात एक बसलेली गुलाबी वर्तुळं. हॅसलच्या नावाने ओळखली जाणारी. दुसऱ्या वर्षाचे विद्यार्थी ही वर्तुळं दिसली की हुश्श करतात, कारण त्यावरून अवयव हमखास ओळखता येतो. तीच ग्रंथी सत्तरीच्या माणसाची लावली की विद्यार्थी बावचळतात. सगळीकडे चरबीच्या पोकळ पेशी, मध्ये निळ्या ठिपक्यांची तुरळक बेटं, एखादं पिवळट पडलेलं वर्तुळ. "सर, ही चरबीची गाठ आहे का?" हा प्रश्न मी दर वर्षी ऐकत आलो. विचारणाऱ्याला फार चुकीचंही म्हणता येत नाही.

हयातीत तिच्या वाट्याला मान असा आलाच नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस युरोपात असा समज पसरला की बाळं झोपेत अचानक दगावतात ती वाढलेल्या थायमसने श्वासनलिका दाबल्यामुळे. या काल्पनिक आजाराला भारदस्त लॅटिन नावही मिळालं. गंमत अशी, गंमत म्हणवत नाही तरी, की डॉक्टरांना थायमसचं सर्वसाधारण माप माहीत होतं ते गरिबांच्या, दीर्घ आजाराने खंगून गेलेल्या मुलांच्या प्रेतांवरून. उपासमारीत आणि तापात ही ग्रंथी झपाट्याने आकसते. त्यामुळे धडधाकट बाळ अचानक गेलं की त्याची नेहमीसारखी ग्रंथी 'प्रचंड' वाटायची. १९०७ पासून अमेरिकेत ती लहान करण्यासाठी तान्ह्या मुलांच्या छातीवर क्ष-किरण सोडले जाऊ लागले, आणि पुढे काही दशकं हजारो निरोगी बाळांना हा उपचार मिळाला. १९५० साली डफी आणि फिट्झजेराल्ड यांनी थायरॉईडचा कॅन्सर झालेल्या २८ मुलांच्या नोंदी तपासल्या, तर त्यातल्या साधारण एक तृतीयांश मुलांच्या थायमसवर तान्हेपणी किरण सोडलेले होते. न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टरमध्ये अशा मुलांचा पुढे कित्येक वर्षं पाठपुरावा झाला. त्यांच्यात थायरॉईडचे कॅन्सर वाढलेले आढळले, आणि त्यातल्या मुली मोठ्या झाल्यावर स्तनाचेही. कॅन्सर रोखणाऱ्या पेशी घडवणाऱ्या ग्रंथीला आरोपी ठरवून आपण तिला शिक्षा दिली, आणि त्या शिक्षेतून कॅन्सर झाले. वैद्यकाच्या इतिहासात लाज वाटावी अशी प्रकरणं थोडी नाहीत, पण हे मला नेहमी वरच्या रांगेतलं वाटत आलं आहे.

आरोप मागे पडला आणि त्याच्या जागी उपेक्षा आली. मोठ्या जनावरातून थायमस काढला तर काही बिघडत नाही, असं प्रयोगांत दिसायचं. मग ही उत्क्रांतीने मागे ठेवलेली अडगळ असणार, असा निष्कर्ष निघाला. नोबेल मिळालेले पीटर मेडावार यांच्यासारखा माणूसही साठच्या दशकाच्या सुरुवातीला म्हणत होता की थायमसमधल्या लसिका पेशी म्हणजे उत्क्रांतीतला एक अपघात, त्याला फार महत्त्व देऊ नये. तोवर लंडनच्या चेस्टर बीटी संस्थेत झाक मिलर या तिशीतल्या संशोधकाचं काम छापूनही झालं होतं. मिलर यांना थायमसचं कौतुक नव्हतं. ते उंदरांच्या रक्ताच्या कॅन्सरवर काम करत होते, आणि तो कॅन्सर थायमसमध्ये सुरू होत असल्याने ती ग्रंथी काढून काय होतं ते त्यांना पाहायचं होतं. त्यांनी ती काढली नुकत्याच जन्मलेल्या पिल्लांची, आणि फरक पडला तो तिथेच. पिल्लं काही आठवड्यांत खंगू लागली, संसर्गांना बळी पडू लागली, रक्तातल्या लसिका पेशी घटल्या. परक्या उंदराच्या कातडीचा तुकडा लावला तर तो सुखाने टिकला आणि त्यावर परक्या रंगाचे केस उगवले. पुढे घुशीच्या जातीतल्या रॅटची कातडीही टिकली. सप्टेंबर १९६१ मध्ये 'द लॅन्सेट'मध्ये ही बातमी आली. मोठ्या जनावरात काही बिघडत नव्हतं, कारण तोवर भरतीचं बरंचसं काम उरकलेलं असायचं आणि माणसं खात्यात रुजू झालेली असायची. मिलर यांना लास्कर पुरस्कार मिळाला तो २०१९ मध्ये, म्हणजे ५८ वर्षांनी. उपेक्षा ग्रंथीपुरती थांबली नाही तर!

टी-पेशी कॅन्सर रोखतात हे मान्य करून घ्यायलाही असाच वेळ गेला. ऑस्ट्रेलियाचे मॅकफार्लेन बर्नेट १९५७ पासून सांगत होते की प्रतिकारशक्ती शरीरात गस्त घालते आणि बिघडलेल्या पेशी मारते; उतारवयात गस्त ढिली पडते म्हणून कॅन्सर वाढतो, हेही त्यांनी पुढे आग्रहाने मांडलं. १९८५ मध्ये ते स्वतः मोठ्या आतड्याच्या कॅन्सरने गेले. तोवर त्यांची कल्पना मोडीत निघाल्यातच जमा होती. १९७४ साली ओसियास स्टुटमन यांनी जन्मतः थायमस नसलेल्या केसविहीन उंदरांवर कॅन्सरकारक रसायनाचा प्रयोग केला, आणि त्यांना इतर उंदरांइतकेच कॅन्सर झाले. थायमस नाही, तरी फरक नाही. मग कसली गस्त? पुढची पंचवीसेक वर्षं हा विषय काढणाऱ्याकडे लोक कीव करत बघायचे. नंतर कळलं की त्या उंदरांत थोड्या टी-पेशी असतातच, आणि थायमसशिवाय तयार होणाऱ्या मारक पेशीही भरपूर. २००१ मध्ये सेंट लुइसच्या रॉबर्ट श्रायबर यांच्या गटाने टी आणि बी या दोन्ही पेशी मुळातच नसलेले उंदीर घेतले, तेव्हा त्यांच्यात कॅन्सर स्पष्टपणे वाढले.

माणसातला पुरावा ग्लासगोहून आला, आणि तो वाचून मी बराच वेळ काही बोललो नव्हतो. मेलॅनोमा हा त्वचेचा कॅन्सर १६ वर्षांपूर्वी काढून बरी झालेली एक व्यक्ती दुसऱ्याच कारणाने गेली. तिची दोन मूत्रपिंडं दोघांना बसवली, आणि त्या दोघांनाही दात्याचाच मेलॅनोमा झाला. म्हणजे १६ वर्षं त्या पेशी शरीरात होत्या. त्यांना कोणीतरी दाबून धरलं होतं. मूत्रपिंडं नव्या शरीरांत गेली, तिथे ती टिकावीत म्हणून प्रतिकारशक्ती औषधांनी झोपवलेली होती, आणि दाबून धरणारं कोणी उरलं नाही.

आता मुद्द्याचं. २०१८ मध्ये मुख्यतः स्कॉटलंडमधल्या संशोधकांनी अमेरिकेतल्या सुमारे वीस लाख कॅन्सर रुग्णांच्या नोंदींवर गणित मांडलं. थायमसमधून निघणाऱ्या नव्या टी-पेशी साधारण दर सोळा वर्षांनी निम्म्या होतात. विसाव्या वर्षी जेवढ्या निघायच्या त्याच्या निम्म्या छत्तिसाव्या वर्षी, पाव हिस्सा बावन्नाव्या वर्षी, अडुसष्टाव्या वर्षी आठवा हिस्सा. बऱ्याच कॅन्सरांच्या वाढीचा आलेख या उताराला आरशातल्या प्रतिमेसारखा जुळतो. पुरुषांमध्ये टी-पेशींची घट जास्त आणि कॅन्सरही जास्त, हेही त्यात बसतं. आलेख जुळले म्हणून कारण सिद्ध होत नाही, हे मी विद्यार्थ्यांना घसा फोडून सांगायचो, ते इथेही लागू आहे. शिवाय उंदराच्या नव्या टी-पेशी मुख्यतः थायमसमधून येतात, पण माणसात तरुणपणीच मोठा वाटा आधीच्या पेशींच्या विभाजनातून येतो. म्हणजे भरती बंद झाली तरी कर्मचाऱ्यांची संख्या कागदावर फारशी घटत नाही. जुन्यांच्याच नकला निघत राहतात. कमी होतं ते वैविध्य. साठीनंतर उद्भवलेल्या गाठीत नव्या बिघाडाचं नवं प्रथिन असतं, आणि ते ओळखणारा ग्राहक ज्या पेशीवर होता तिचा वंश कदाचित चाळिशीतच संपलेला असतो.

कै. थायमस यांच्या पश्चात टी-पेशींचा मोठा परिवार आहे, हे खरं. पण परिवारातली मंडळी एका कामात गुंतून पडलेली असतात. सायटोमेगॅलो नावाचा एक विषाणू भारतात बहुतेक सगळ्या प्रौढांच्या शरीरात आयुष्यभर मुक्काम ठोकून असतो. तो मारता येत नाही, फक्त दाबून ठेवता येतो, आणि म्हाताऱ्या माणसाच्या मारक टी-पेशींचा चांगलाच मोठा वाटा या एकाच उपद्व्यापी पाहुण्यावर खर्च होतो.

थायमसच्या मागे राहिलेलं घर नुसतं ओस पडलं असतं तरी चाललं असतं. पण वयाबरोबर प्रतिकारशक्ती थंडावते आणि धुमसतेही. इटलीचे क्लाउडिओ फ्रान्चेस्की यांनी २००० साली या धुमसण्याकडे लक्ष वेधलं: संसर्ग नसतानाही उतारवयात दाहाचे रेणू रक्तात थोडे थोडे वाढलेले राहतात. आणि दाह कॅन्सरला मानवतो. अस्थिमज्जाही वयाबरोबर लसिका पेशी कमी आणि मॅक्रोफेजसारख्या मायलॉइड पेशी जास्त बनवू लागते. गाठीत शिरलेल्या या पेशी पुष्कळदा गाठीचीच चाकरी करतात: तिला रक्तवाहिन्या मिळवून देतात आणि टी-पेशींना गप्प बसवतात. न्यूयॉर्कच्या माउंट सायनाय इथल्या मिरियम मेराद यांच्या गटाने २०२४ मध्ये तरुण उंदरांत म्हाताऱ्या उंदरांची अस्थिमज्जा घातली, तर तरुणांच्या फुफ्फुसातले कॅन्सर जोमाने वाढू लागले. इंटरल्यूकिन-१ हा दाहाचा एक संदेश औषधाने अडवल्यावर ती वाढ ओसरली. म्हणजे गाठ कोणत्या शरीरात उगवते यालाही गाठीइतकंच महत्त्व आहे. हे आम्ही काचपट्टीवर कधी लिहिलं नाही. अहवालात वयाचा रकाना असायचा, आणि तो कारकून भरायचा.

मृत्युलेखात गेलेल्याचं सगळं चांगलंच लिहायचा रिवाज आहे, तरी एक गोष्ट सांगायला हवी. म्हातारी प्रतिकारशक्ती म्हणजे निव्वळ हरलेली बाजू, असं समजणाऱ्यांना मेलॅनोमाच्या रुग्णांनी चकवलं. टी-पेशींचा ब्रेक काढणारी औषधं आली, ज्यांच्या शोधासाठी जेम्स अॅलिसन आणि तासुकू होंजो यांना २०१८ चं नोबेल मिळालं, तेव्हा वृद्धांना ती लागू पडणार नाहीत असा सगळ्यांचा अंदाज होता. त्याच वर्षी अशानी वीररत्ना यांच्या गटाने दाखवलं की साठीपुढच्या मेलॅनोमा रुग्णांना ही औषधं तरुणांपेक्षा उलट बरी लागू पडतात. उंदरांत पाहिलं तर तरुणांच्या गाठीत प्रतिकार आवरून धरणाऱ्या टी-पेशींचं प्रमाण जास्त होतं. सगळ्या कॅन्सरांत असं घडतं असं नाही. पण 'वय झालं, आता कशाला' हे वाक्य वॉर्डात फार सहज उच्चारलं जातं, आणि नातेवाईकांपेक्षा डॉक्टरांच्या तोंडून ते मी जास्त ऐकलं आहे.

हीच औषधं परळच्या टाटा मेमोरियलमध्ये वेगळ्या मापाने वापरली गेली. डोक्या-मानेच्या कॅन्सरच्या, बरं होण्याची आशा नसलेल्या रुग्णांना तोंडाने घ्यायच्या स्वस्त औषधांबरोबर निव्होल्युमॅब दिलं, पण नेहमीच्या मात्रेच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी, फक्त २० मिलिग्रॅम. वर्षभर जगणाऱ्यांचं प्रमाण १६ टक्क्यांवरून ४३ टक्क्यांवर गेलं. निकाल २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. आयआयटी मुंबई आणि टाटा यांच्या सहकार्यातून निघालेली, ऑक्टोबर २०२३ मध्ये मान्यता मिळालेली कार-टी उपचारपद्धतीही मुळात रुग्णाच्याच टी-पेशी काढून, प्रयोगशाळेत नवा ग्राहक चढवून परत देते. या दोन्ही उपचारांत कच्चा माल एकच. पन्नाशीतल्या गिरणगावच्या माणसाच्या गालातल्या गाठीवर आज ज्या टी-पेशी उठतात, त्यांतल्या बऱ्याचशा तो शाळेत असताना थायमसने पास करून पाठवलेल्यांच्या वंशातल्या आहेत.

आणि ग्रंथी अगदीच गेली, हेही पूर्ण खरं नाही. हृदयाच्या शस्त्रक्रियेत छातीचं हाड उघडल्यावर थायमस, किंवा त्याची चरबी झालेली बाकी, सर्जनच्या वाटेत येते. तिला बाजूला सारण्यापेक्षा काढून टाकणं सोपं. प्रौढात तिचं काम संपलेलं असतं, या समजुतीवर दशकानुदशकं तसं होत आलं. फॉर्मॅलिनच्या बरण्यांतून तिचे तुकडे माझ्याही टेबलावर यायचे. 'थायमिक टिश्यू, अनरिमार्केबल' एवढं लिहून मी पुढच्या बरणीकडे वळायचो. २०२३ मध्ये बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलच्या संशोधकांनी असा थायमस काढलेल्या प्रौढांची तुलना थायमस न काढता छातीची तशीच शस्त्रक्रिया झालेल्यांशी केली. पाच वर्षांत थायमस गेलेल्यांपैकी ८.१ टक्के लोक दगावले, दुसऱ्या गटात २.८ टक्के. कॅन्सर झाला ७.४ टक्क्यांना, दुसऱ्या गटात ३.७ टक्क्यांना, म्हणजे दुप्पट. ज्यांचं रक्त तपासलं त्यांच्यात नव्या टी-पेशी कमी आणि दाहाचे रेणू जास्त होते. चरबीतल्या त्या तुरळक निळ्या बेटांवर भरती चालूच होती.

शक्य तिथे प्रौढांचा थायमस राखावा, एवढंच त्या अभ्यासकांनी सुचवलं आहे. तान्ह्या बाळांत तो पर्याय सर्जनकडे बऱ्याचदा नसतो, कारण त्यांचा थायमस इतका मोठा असतो की तो हलवल्याशिवाय हृदय नीट दिसतच नाही. मात्र शस्त्रक्रियेत त्याचा थोडा भाग मागे राहिला, तर तो काही मुलांत पुन्हा वाढलेला आढळला आहे.